चेनसॉची ताकद साखळीच्या धारेत



आज आपण चेनसॉविषयी, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळी करवतीविषयी बोलणार आहोत. गावात आपण तिला नुसते 'कटर' म्हणतो. काही वर्षांपूर्वी हे यंत्र लाकडाच्या व्यापाऱ्याकडे किंवा वखारीतच दिसायचे. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले आणि रायगड जिल्ह्यात व रत्नागिरीच्या उत्तर भागात नारळ, सुपारी, आंबा यांची झाडे आडवी झाली. पाठोपाठ मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचा तडाखा बसला. वाटा मोकळ्या करायला, पडलेली झाडे कापून बाग पुन्हा उभी करायला हे यंत्र किती कामाचे आहे ते आपण सर्वांनी पाहिले. आता जुन्या आंबा बागांच्या छाटणीलाही ते वापरले जाते.

यंत्र घरात आले, पण त्याची निगा कशी राखायची हे सांगणारे कोणी बरोबर आले नाही. म्हणून बांधावर गेलो की बहुतेक ठिकाणी एकच तक्रार ऐकू येते. "साहेब, पहिले दोन महिने मशीन लोण्यासारखे कापत होते. आता नुसती बोंब मारते, कापत नाही." आणि मग पुढचे प्रश्न येतात. सायलेन्सरला मोठे भोक पाडून घेऊ का? कार्ब्युरेटरचा स्क्रू आवळून रेस वाढवू का? लांब पट्टी बसवू का?

बंधूंनो, असे काही करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की धरा. मशीन कापेनासे झाले की खोट बहुतेक वेळा इंजिनात नसते, ती साखळीत असते. बोथट साखळीला कितीही ताकद दिली तरी लाकूड घासले जाते, कापले जात नाही. त्यामुळे आधी साखळी, मग पट्टी आणि तेल, मग हवा व पेट्रोल, आणि अगदी शेवटी कार्ब्युरेटर, हाच क्रम ठेवा. या क्रमाने गेलात तर बहुधा शेवटच्या पायरीपर्यंत जायची वेळच येणार नाही.

साखळीचा दात कापतो कसा?

धार लावण्याआधी दात काय काम करतो ते समजून घेऊ. याची एक गंमतीची हकीकत आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचे एक लाकूडतोडे होते. त्या काळच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे असत. ते लवकर बोथट होत आणि धार लावण्यातच निम्मा वेळ जाई. १९४६ साली कॉक्स यांनी एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. अळीचे जबडे डावीकडे-उजवीकडे कुरतडत होते आणि लाकूड आडवे असो की उभे, ती सहज पुढे जात होती. त्यांनी तिच्या जबड्यासारखे वळणदार दात साखळीला बसवले. एक डावा, एक उजवा. आज आपल्या चेनसॉवर जी साखळी आहे ती त्याच विचारातून आलेली आहे.

आपल्या आंब्याच्या खोडात शिरणारी भिरुडाची अळी ही त्याच लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातली. तेव्हा तिचे काम आपल्याला चांगलेच माहीत आहे!

आता आपली साखळी हातात घेऊन पहा. अर्थात मशीन बंद करून, प्लगची टोपी काढून आणि हातमोजे घालूनच. प्रत्येक कापणाऱ्या कडीला दोन भाग दिसतील. मागे वाकवलेला धारदार दात, आणि त्याच्या पुढे एक छोटा उंचवटा. माहितीपुस्तिकेत या उंचवट्याला डेप्थ गेज म्हणतात. दाताने एका वेळी किती जाड कपची काढायची ते हा उंचवटा ठरवतो. रंध्यात पाते किती बाहेर काढायचे ते सुतार ठरवतो ना, तसेच हे.

इंजिनाचा वेग मिनिटाला दहा हजार फेरे असेल, तर ०.३२५ इंच पिचची साखळी सात दात्यांच्या चाकावरून सेकंदाला सुमारे १९ मीटर पळते. इतक्या वेगात दात धारदार असेल तर तो लाकूड काढत जातो. बोथट असेल तर तेवढ्याच वेगाने तो लाकूड घासतो, तापतो आणि आणखी बोथट होतो.

धार गेल्याच्या खुणा

धार गेली आहे हे मशीन स्वतःच सांगते. पुढील खुणा पहा.

एक, खाली पडणारा भुसा. नारळाच्या जाडसर किसासारखे तुकडे पडत असतील तर धार ठीक आहे. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला की काम थांबवा.

दोन, जोर. चांगली साखळी लाकडात स्वतःहून उतरते. तुम्हाला वरून दाबावे लागत असेल तर धार गेली.

तीन, काप वाकडा जाणे. काप एका बाजूला वळत असेल तर त्या बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचे दात सारखे नाहीत. एका बाजूचे दात जास्त लांब किंवा जास्त धारदार आहेत.

चार, धूर. साखळीला तेल मिळत असूनही कापातून धूर येत असेल तर लाकूड घासून जळते आहे.

डोळ्यांनी ओळखायचे असेल तर दाताची कड उन्हात धरा. कडेवर पांढरी चकचकीत रेघ दिसली तर ती धार नव्हे, तो बोथटपणा. खरी धार उजेड परतवत नाही.

आपल्याकडे धार लवकर जाते त्याची कारणेही आपल्या जमिनीतच आहेत. पडलेला ओंडका खालपर्यंत कापताना साखळी जांभ्याला किंवा मातीला एकदा टेकली की धार गेलीच म्हणून समजा. नारळाच्या खोडाचा बाहेरचा भाग कठीण असतो, त्यात साखळी लवकर बोथट होते. पुरात किंवा चिखलात पडलेल्या झाडाच्या सालीत वाळू अडकलेली असते. म्हणून ओंडक्याखाली आधी दांडकी सरकवून तो उचलून घ्यावा. साल चिखलाने माखलेली असेल तर कापाच्या जागी कोयत्याने साल काढावी. हे पाच मिनिटांचे काम अर्ध्या तासाची धार वाचवते.

धार कशी लावावी?

धार लावायला गोल कानस लागते आणि ती योग्य जाडीचीच हवी. साखळीचे पिच पाहून जाडी ठरते. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचा निम्मा. हा आकडा पट्टीवर किंवा साखळीच्या खोक्यावर छापलेला असतो. ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटरची कानस. लहान यंत्रांवरील तीन अष्टमांश इंच लो प्रोफाइल साखळीला ४ मिलिमीटरची. मोठ्या यंत्रांवरील पूर्ण तीन अष्टमांश साखळीला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची. नेमकी कोणती ते पुस्तिकेत पाहून घ्यावे. जाड कानशीने दाताचा बाक जातो, बारीक कानशीने दात खालून पोखरला जातो.

पट्टी शेगड्यात घट्ट धरावी. शेगडा नसेल तर एखाद्या बुंध्यात खाच पाडून तीत पट्टी रोवावी. साखळी हलू नये म्हणून ब्रेक लावावा आणि पुढचा दात आणायचा तेव्हाच तो सोडावा.

सर्वांत आधी सगळ्यांत आखूड झालेला दात शोधून त्यावर खडूची खूण करा. बाकीचे सर्व दात त्याच लांबीचे करायचे आहेत. डाव्या-उजव्या दातांची लांबी सारखी झाली की काप सरळ जातो.

आता कानस दाताच्या आतून बाहेरच्या दिशेने, एकाच दिशेत ढकलावी. परत आणताना ती उचलून आणावी, मागे ओढत घासू नये. बहुतेक साखळ्यांना पट्टीशी काटकोन करणाऱ्या रेषेपासून ३० अंशांचा कोन लागतो. दाताच्या मागच्या बाजूला या कोनाची रेघ कोरलेली असते, तिच्याशी कानस समांतर धरली की झाले. कानस आडवी, सपाट ठेवावी. तिच्या जाडीचा पाचवा हिस्सा दाताच्या वर राहील अशी धरावी. हे सगळे हाताने साधत नसेल तर कानशीला बसणारे फाईल गाइड मिळते, ते घ्यावे.

प्रत्येक दाताला दोन-तीन घासे पुरतात. मात्र सगळ्या दातांना सारखेच घासे द्यावेत. आधी एका बाजूचे सर्व दात करावेत, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. दगड लागलेल्या दाताला जास्त घासे लागतील. कडेवरची चकाकी पूर्ण जाईपर्यंत थांबू नये.

सर्वांत सोयीचा रिवाज हा की, दर वेळी टाकीत पेट्रोल भरताना दोन-दोन घासे द्यावेत. रोज थोडी धार लावणाऱ्याची साखळी जास्त टिकते. आठ दिवसांनी दुकानात ग्राइंडरवर देणाऱ्याची लवकर झिजते. आणि ग्राइंडरवर दात निळा पडला तर त्याचे पाणी उतरले म्हणून समजा, पुढे त्याला धार धरत नाही.

पुढचा उंचवटा विसरू नका

दात मागून घासत गेला की त्याची उंचीही कमी होत जाते, कारण दाताचा माथा मागे उतरता असतो. पुढचा उंचवटा मात्र तेवढाच राहतो. मग तो लाकडावर टेकतो आणि दाताला लाकडापर्यंत पोचूच देत नाही. धार चांगली आहे, तरी मशीन कापत नाही, असे झाले तर कारण हेच असते.

सर्वसाधारण साखळीत हा उंचवटा दाताच्या माथ्यापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावा. आपल्या बँकेच्या एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षा किंचित कमी. हे मोजायला छोटी पत्र्याची मापपट्टी मिळते. ती साखळीवर ठेवावी आणि तिच्या खाचेतून वर येणारा उंचवटा चपट्या कानशीने घासावा. नंतर त्याचा पुढचा कोपरा पहिल्यासारखा गोलसर करावा. तीन-चार वेळा धार लावली की एकदा हे तपासावे.

इथे एक धोक्याची सूचना. 'जास्त खाली घेतले की जास्त कापेल' असे काहीजण सांगतात आणि उंचवटे अंदाजाने घासून टाकतात. अशी साखळी लाकडात हिसके मारते, इंजिनावर ओझे टाकते, आणि पट्टीचे टोक लाकडाला लागले तर मशीन उसळून अंगावर येण्याची शक्यता वाढते. यंत्र बिघडले तर दुरुस्त होईल, माणसाचे तसे नाही. म्हणून मापाशिवाय उंचवटा घासू नये.

ताण, पट्टी आणि तेल

साखळीचा ताण मशीन थंड असताना पाहावा. पट्टीचे नट थोडे सैल करून पट्टीचे टोक वर उचलून धरावे आणि ताणाचा स्क्रू फिरवावा. साखळी पट्टीच्या खालच्या बाजूला नीट टेकली पाहिजे आणि तरी हातमोजा घातलेल्या हाताने सहज ओढता आली पाहिजे. टोक उचलून धरलेलेच असताना नट आवळावेत. ब्रेक मात्र सोडलेला असावा.

काम करताना साखळी तापून सैल पडते, तेव्हा मधूनमधून ती आवळावी लागते. पण तापलेली असताना आवळलेली साखळी काम संपल्यावर सैल करायला विसरू नका. थंड होताना ती आखडते आणि पट्टी, क्रँकशाफ्ट व बेअरिंगवर ताण टाकते.

पट्टीची खाच आठवड्यातून एकदा पातळ पत्र्याने साफ करावी. तिच्यात भुसा आणि तेल यांचा लगदा बसलेला असतो. तेल येण्याचे भोकही मोकळे करावे. खाचेच्या कडांना बाहेर आलेली धारदार कोर चपट्या कानशीने काढावी. साखळी बदलताना दर वेळी पट्टी उलटी करून बसवावी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात.

तेल येते की नाही ते पाहण्याची सोपी रीत म्हणजे, मशीन चालू करून पट्टीचे टोक एखाद्या कोरड्या, फिकट लाकडाजवळ धरावे, टेकवू नये. थोडी रेस दिली की लाकडावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. एक टाकी पेट्रोल संपेपर्यंत तेलाची टाकीही जवळजवळ संपते. पेट्रोल संपले आणि तेल अर्धे शिल्लक राहिले, तर तेलाची वाट कुठेतरी तुंबली आहे. मोटारसायकलचे काढलेले काळे ऑईल इथे वापरू नये. त्यातली धातूची बारीक पूड तेलाचा पंप आणि पट्टी दोन्ही खाते.

पेट्रोलचे मिश्रण

चेनसॉचे इंजिन टू स्ट्रोक असते. त्याला वेगळी ऑईलची टाकी नसते. पेट्रोलमध्ये जेवढे ऑईल मिसळाल तेवढ्यावरच पिस्टनचे तेलपाणी चालते. प्रमाण पुस्तिकेतच पाहावे. पन्नासास एक म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर, चाळिसास एक म्हणजे २५ मिलिलिटर, आणि पंचविसास एक म्हणजे ४० मिलिलिटर. अंदाजाने झाकण ओतू नये, मेडिकलमधली मापाची बाटली ठेवावी. ऑईल हवेने थंड होणाऱ्या टू स्ट्रोक इंजिनाचेच घ्यावे. मोटारसायकलचे इंजिन ऑईल चालत नाही.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि कोकणात ओलाव्याला तोटा नाही. जास्त पाणी शिरले की इथेनॉल व पाणी वेगळे होऊन तळाशी बसते. हे मिश्रण इंजिनात गेले तर मशीन अडखळते, आणि ऑईल न पोचल्याने पिस्टन घासला जाऊ शकतो. म्हणून मिश्रण दोन-तीन आठवड्यांपुरतेच करावे, कॅन घट्ट बंद ठेवावा. पावसाळ्यात मशीन बांधून ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करावी आणि मशीन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरही रिकामा होतो. इथेनॉलमुळे इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा थोडी जास्त होते. याचा संबंध पुढे येणार आहे.

हवा, प्लग आणि सायलेन्सरची जाळी

कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी हवेचा फिल्टर साफ करावा. तो तुंबला की मशीन जड होते, काळा धूर टाकते, आणि आपण उगाच स्क्रूला दोष देतो. सिलिंडरच्या पंख्यांमध्ये अडकलेला भुसा ब्रशने काढावा, नाहीतर इंजिन तापते.

प्लग काढून पाहावा. टोक चहाच्या रंगाचे असेल तर सारे ठीक. काळे व ओले असेल तर पेट्रोल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला. पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे, तेव्हा मशीन पुढे चालवू नये. प्लगची फट बहुतेक यंत्रांत ०.५ मिलिमीटर असते.

सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली ठिणग्या अडवणारी जाळी काजळीने बुजते. ती काढून तारेच्या ब्रशने घासावी आणि परत बसवावी. नुसती जाळी साफ केल्याने 'मेलेले' मशीन पुन्हा जोर धरते.

कार्ब्युरेटर कसा लावावा?

एवढे सर्व करूनही मशीन नीट चालत नसेल तरच कार्ब्युरेटरकडे वळावे. काही नव्या यंत्रांत हे काम आपोआप होते, त्यांना स्क्रू नसतातच. स्क्रू असतील तर तीन असतात. 'एल' हा मंद गतीच्या पेट्रोलचा, 'एच' हा पूर्ण रेसच्या पेट्रोलचा, आणि 'एलए' किंवा 'टी' हा स्लोचा. एल आणि एच घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळले की पेट्रोल कमी होते, उलट फिरवले की वाढते.

पट्टी आणि साखळी बसवलेली असावी. मशीन जमिनीवर पक्के ठेवावे, साखळी कशालाही टेकू देऊ नये. तीन ते पाच मिनिटे चालवून ते गरम होऊ द्यावे. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याच्या निम्मा एवढाच फिरवावा.

आधी एल घ्यावा. तो हळूहळू दोन्हीकडे फिरवून स्लोचा वेग जिथे सर्वांत जास्त होतो ती जागा शोधावी, आणि तिथून किंचित बाहेर फिरवावा. आता रेस दाबली की मशीनने न अडखळता उचल घेतली पाहिजे. अडखळले तर आणखी थोडा बाहेर.

मग एलए. स्लोवर इंजिन बंद पडू नये आणि साखळीही फिरू नये, अशा जागी तो ठेवावा. स्लोवर साखळी फिरतच राहत असेल तर ते मशीन वापरू नये. क्लचची स्प्रिंग मेकॅनिककडून पाहून घ्यावी.

शेवटी एच. काही सेकंदच पूर्ण रेस द्यावी आणि कान द्यावा. आवाज किंचाळल्यासारखा, एकसुरी आणि तीक्ष्ण असेल तर पेट्रोल कमी आहे. एच थोडा बाहेर फिरवावा. आवाज जरासा घोगरा, मध्येच फडफडणारा झाला, आणि लाकडाला लावताच तो साफ झाला, की ती बरोबर जागा. काही यंत्रांत वेग आवरणारी कॉइल असते. तिच्यामुळेही आवाज फडफडतो आणि कान फसतो. तिथे टॅकोमीटर असलेल्या मेकॅनिककडूनच एच लावून घ्यावा.

'एच आवळला की रेस वाढते' हे खरे आहे. म्हणूनच तो मोह होतो. पण पेट्रोल कमी झाले की त्यासोबतचे ऑईलही कमी होते. मशीन अर्धा दिवस जोरात पळते आणि मग पिस्टन धरतो. पिस्टन-सिलिंडरच्या खर्चात कानशींची अख्खी पेटी येईल. त्यात इथेनॉलच्या पेट्रोलने आधीच हवा जास्त झालेली असते हे विसरू नये. तेव्हा चुकायचेच असेल तर थोडे जास्त पेट्रोल देऊन चुकावे.

जागा बदलली तरी हे तपासावे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून उंच आहे. तिथे हवा विरळ असल्याने पेट्रोल कमी करून लावलेले मशीन तसेच खाली किनाऱ्यावर आणून चालवले, तर ते कोरडे पडते.

बदल करायचेच असतील तर

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे येऊ.

लांब पट्टी बसवावी का? नाही, उलट आखूड बसवावी. आपल्या बाजारात ५८ सीसीचे मशीन २२ इंची पट्टीसह सर्रास विकले जाते. आंब्याच्या फांद्या आणि नारळाची खोडे कापायला १८ इंची पट्टी पुरते. साखळी आखूड, म्हणजे घासणे कमी, धार लावायला दात कमी आणि टोकावर नजर राहते. पट्टी, साखळी आणि साखळी फिरवणारे स्प्रॉकेट यांचे पिच व खाचेची जाडी मात्र जुळलीच पाहिजे.

स्प्रॉकेट बदलावे का? सातऐवजी आठ दात्यांचे बसवले तर साखळीचा वेग सुमारे १४ टक्के वाढतो, पण ओढ त्या प्रमाणात कमी होते. बारीक लाकडाला ते बरे, जाड कठीण खोडात मशीन बसते. आपल्या कामाला सातच ठीक. दोन साखळ्या झिजल्या की स्प्रॉकेट नवे घालावे, म्हणजे नवी साखळी जुन्या चाकावर खराब होत नाही.

सायलेन्सर कापावा का? त्याने थोडी ताकद वाढते, हे नाकारता येत नाही. पण मग एच पुन्हा लावावा लागतो, नाहीतर पिस्टन जातो. यंत्राची हमी संपते. चेनसॉचा आवाज आधीच शंभर डेसिबलच्या पुढे असतो, तो आणखी वाढतो. आणि जाळी गेली की ठिणग्या बाहेर पडतात. फाल्गुन-चैत्रात सड्यावरचे गवत वाळलेले असते. एका ठिणगीने वणवा लागला तर आपलीच नव्हे, शेजाऱ्याची कलमेही जातील. धारदार साखळी याहून जास्त काप देते. म्हणून माझा सल्ला, सायलेन्सरला हात लावू नये.

अंगावर येणारी उसळी

पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की मशीन क्षणात उसळून माणसाच्या तोंडाकडे येते. म्हणून टोकाने कापू नये. दोन्ही हातांनी धरावे, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळलेला असावा. खांद्याच्या वर मशीन उचलू नये. शिडीवर उभे राहून चेनसॉ चालवू नये. उंचावरच्या फांदीला हातकरवत वापरावी किंवा जाणकार माणूस बोलवावा. काम सुरू करण्याआधी रोज ब्रेक तपासावा. लुंगी, पंचा, लोंबते उपरणे, ओढणी असे काही अंगावर नसावे. बूट, चष्मा, कानाची झापडे आणि हेल्मेट घालावे. मांडीसाठी साखळी अडवणारी खास पँट मिळते, रोज काम करणाऱ्याने ती घ्यावीच.

धार आणि झाडाची प्रकृती

जिवंत आंब्याची फांदी कापताना धारेचा उपयोग दुहेरी आहे. जाड फांदी एकाच कापात वरून कापली तर ती आपल्या वजनाने मोडते आणि खोडाची साल सोलून नेते. अशा जखमेत भिरुडाचा भुंगेरा अंडी घालतो. म्हणून खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप घ्यावा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी पाडावी, आणि उरलेला ठोंब शेवटी नीट छाटावा. धारदार साखळीचा काप गुळगुळीत होतो आणि जखम लवकर भरते. कापलेल्या जागी लगेच बोर्डो पेस्ट लावावी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे तिचे प्रमाण.

अख्खे झाड तोडायचे असेल तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. आंबा, फणस, साग अशा झाडांसाठी आधी परवानगी घ्यावी.

थोडक्यात

पेट्रोल भरताना दोन घासे धार. तीन-चार धारांनंतर उंचवट्याचे माप. रोज ताण, तेल, ब्रेक आणि हवेचा फिल्टर. आठवड्याला पट्टीची खाच. महिन्याला प्लग आणि सायलेन्सरची जाळी. कार्ब्युरेटर अगदी शेवटी.

हे पत्रक मशीनच्या पेटीतच ठेवा आणि पेटीत दोन कानशी, चपटी आणि गोल, जरूर असू द्या. पुढच्या वेळी मशीन कापेनासे झाले तर मेकॅनिककडे जाण्याआधी खाली पडलेला भुसा मुठीत घेऊन पाहा. पिठासारखा असेल तर आधी कानस हातात घ्या.